खानझोड्यांच्या टायमरची कैफियत

मी एक जुना टायमर आहे. तळहातावर मावेन एवढा, काळ्या प्लास्टिकचा, एका कोपऱ्याला जरा तडकलेला. स्वयंपाकघरात अंडी उकडताना लावतात त्या टायमरशी माझा दूरचाही संबंध नाही, कृपा करून तसं समजू नका. माझं काम पिस्तुलाच्या स्पर्धेतलं. खेळाडू उभा राहिला की मी एकदा 'पीप' करून ओरडतो आणि तिथून पुढे त्याच्या प्रत्येक गोळीचा आवाज टिपून ती किती सेकंदांनी सुटली ते सांगतो, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. ओरडायला मला तेवढा एकच शब्द येतो. ऐकायला मात्र सगळं येतं. माझ्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक आहे, तोच माझा कान.

माझा जन्म २००१ सालचा, ओहायो राज्यातल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथे जेमतेम आठ माणसं कामाला होती. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या, मला नवा सेल घातला आणि माझ्यासमोर एक टाळी वाजवली. माझ्या पडद्यावर लगेच आकडा उमटला. बाई हसल्या आणि 'गुड बॉय' म्हणाल्या. मित्रांनो, आयुष्यातलं पहिलं कौतुक कोणी विसरत नाही.

पुढच्या वर्षी मला खोक्यात घालून टपालाने पाठवलं ते थेट शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, श्रीराम खानझोडे यांच्या घरी. श्रीराम मूळचे नागपूरचे. शिकागोत एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचे, रोज गाडीने जायचे-यायचे. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी रायफल चालवली होती आणि एक पदकही मिळवलं होतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर इथे काहीतरी आपल्या आवडीचं करावं असं त्यांच्या मनात आलं. शेजारी वॉल्टर नावाचे निवृत्त पोस्टमन राहत. ते तासाभरावरच्या एका क्लबात रेंज ऑफिसर होते, म्हणजे खेळाडूच्या पाठीशी उभे राहून नियम सांभाळणारे पंच. त्यांनी श्रीरामना बोट धरून या खेळात आणलं.

हा खेळ एका जागी श्वास रोखून नेम धरण्याचा नाही. इथे पळायचं असतं. भिंतींच्या आडोशाने, खिडक्यांतून, वाकून, वळून, तपकिरी पुठ्ठ्यांवर दोन-दोन गोळ्या मारायच्या आणि लोखंडी पाट्या पाडायच्या. मिळालेल्या गुणांना माझ्या सेकंदांनी भागायचं, येईल तो निकाल. म्हणजे नुसता अचूक चालत नाही आणि नुसता चपळही चालत नाही. नियम मात्र कडक. पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. पळताना बोट घोड्यावर नाही. पंचाने सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही, आणि त्याने 'स्टॉप' म्हटलं की जिथे असाल तिथे गोठायचं. चुकलात तर त्या दिवसापुरते बाद. त्याला सगळे डीक्यू म्हणतात, आणि तिथे रडून-भेकून उपयोग नसतो.

वॉल्टर यांचा स्वतःचा आणखी एक नियम होता. कानांना दोन पहारेकरी हवेत, असं ते म्हणायचे. आत फोमचा पिवळा बोळा आणि वरून कान झाकणारे इअरमफ. त्यांनी पहिल्याच दिवशी बोळ्यांची अख्खी डबी श्रीरामना दिली. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान, कोणतं घे, पट्टा कोणता घे यावर ते दहा मिनिटं बोलले असतील, कानांवर अर्धा तास.

आमचा सराव तळघरात चाले. वॉशिंग मशीन, घर गरम करायची भट्टी, पुस्तकांची न उघडलेली खोकी आणि आम्ही. पिस्तूल रिकामं, आणि गोळ्या वर गॅरेजमध्ये कुलपात. तळघरात एकही गोळी आणायची नाही हा शिरस्ता. समोरच्या भिंतीवर कागदाचे छोटे चौकोन चिकटवलेले. मला जिन्यालगतच्या वॉशिंग मशीनवर ठेवायचे. मी 'पीप' केलं की पिस्तूल काढायचं, नेम धरायचा, घोडा दाबायचा, खट्. ठरवलेली वेळ संपली की मी दुसऱ्यांदा ओरडत असे. त्या दोन हाकांच्या आत काम झालं पाहिजे.

माझं बटण दाबायला आश्लेषा बसायची, त्यांची मुलगी. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर गृहपाठाची वही मांडीवर घेऊन ती बसे, आणि बाबांनी मान हलवली की मला दाबत असे.

"बाबा, यू आर सो स्लो!" ती म्हणायची.

"थांब जरा. नागपूरची माणसं उशिरा तापतात," ते म्हणायचे.

खरंच होते ते स्लो. पिस्तूल काढून पहिली गोळी सोडायला पावणेतीन सेकंद! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण माणूस चिकट. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, न चुकता. बर्फ पडून रस्ते बंद झाले तरी तळघर उघडंच. आधी त्यांनी पट्टा बदलला, कारण पँटचा साधा पट्टा होल्स्टरच्या वजनाने लोंबायचा. मग हाताची पकड बदलली. मग गोळ्यांचं मॅगझीन बदलताना मान खाली घालायची सवय मोडली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसं सेकंदाच्या शंभराव्या भागांचं तळं साचत गेलं. दोन वर्षांत पावणेतीनाचं दीडवर आलं. डी या तळच्या वर्गातून ते सी वर्गात गेले. आता त्यांना एकच ध्यास होता, बी वर्ग. त्याला देशातल्या अव्वल खेळाडूंच्या निकालाच्या साठ टक्के लागतात. त्यांनी तो आकडा एका कागदावर लिहून भट्टीच्या पत्र्यावर चिकटवला होता.

इथवर सगळं गोड वाटेल तुम्हाला. पण त्यांची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सांगताना मलाच जड जातं.

श्रीराम लाजाळू होते. लोक काय म्हणतील याची त्यांना फार धास्ती. मंडळाच्या गणपतीत त्यांचे मित्र राजेश विचारायचे, "अरे यार, रविवारी असतोस कुठे तू?" तर हे सांगायचे, "वॉल्टरकडे. बागकामाला मदत करतो." पिस्तुलाचं नाव काढायचे नाहीत. असा हा माणूस पहिल्या स्पर्धेला उभा राहिला. दोन्ही कानांत बोळे, वर मफ. मागून एक धिप्पाड पंच तंबाखू चघळत काहीतरी बोलला. श्रीरामना कळलं नाही. त्यांनी विचारलं, "सॉरी?" तो पुन्हा बोलला. पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. वाईट बुद्धीने नाही हसलं, मी ऐकलंय ते हसू. पण श्रीरामच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला.

ऑफिसात दहा वर्षं काढून, हजार मीटिंगा करूनसुद्धा त्यांना वाटलं की आपलं इंग्रजी कच्चं आहे. खरं म्हणजे त्या बोळ्यांतून आणि मफांतून, त्या तोंडभर तंबाखूतून कोणालाच काही कळलं नसतं. इथले लोक तशा वेळी बिनधास्त 'व्हॉट?' म्हणून ओरडतात. श्रीरामना ते जमेना. पुढच्या खेपेला त्यांनी उजव्या कानातला बोळा गुपचूप काढून खिशात टाकला आणि मफाची कड चष्म्याच्या काडीवर टेकवून बोटभर उघडी ठेवली. पंचाचा शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी मोठ्या झोकात मान हलवली.

त्या दिवसापासून प्रत्येक रविवारी तसंच. दर स्पर्धेत दीडशे-दोनशे गोळ्या, आणि इतरांच्या वेगळ्या. मी कमरेला किंवा पिशवीत असायचो, मला कळायचं. मला काय वाटलं असेल? खरं सांगू, मला बरं वाटलं! त्यांना माझ्या भावंडाची, क्लबच्या टायमरची हाक स्वच्छ ऐकू येत होती. ते त्या 'पीप'बरोबर हलत होते. मी मनात म्हटलं, शाबास. माझ्यासारखा मूर्ख मीच.

२००५ साली त्यांनी पंचाची परीक्षा दिली आणि स्वतः रेंज ऑफिसर झाले. आता दिवसभर दुसऱ्यांच्या पिस्तुलापासून हातभर अंतरावर उभं राहायचं, मी त्यांच्या मुठीत. खेळाडू काही पुटपुटला तर आपल्याला कळलं पाहिजे, या धास्तीने तो उजवा कान तसाच उघडा.

त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा त्यांनी माझा आवाज वाढवला. माझ्या कुशीला एक लहानशी कळ आहे. हळू, मध्यम, मोठा. इतकी वर्षं मी 'हळू'वर होतो. ते मला म्हणाले नाहीत काही, फक्त अंगठ्याने कळ सरकवली. थोड्या महिन्यांनी पुन्हा सरकवली. मग मला मशीनवरून उचलून पट्ट्याला उजवीकडे अडकवलं. मग डावीकडे. मग खांद्याच्या पट्टीला, डाव्या कानाजवळ.

वॉशिंग मशीन तळघरातच असल्यामुळे वसुधा, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथे रोज येत. कपडे टाकण्याआधी त्या खिसे तपासायच्या. दर सोमवारी श्रीरामच्या पँटच्या खिशात त्यांना एक पिवळा बोळा सापडे. स्वच्छ, न वापरलेल्यासारखा. "एकच कसा येतो रे नेहमी? दुसरा हरवतोस का?" एकदा त्यांनी विचारलं. श्रीराम पाठमोरे होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. वसुधा म्हणाल्या, "बघा! या माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं," आणि बोळा कचऱ्यात टाकून वर गेल्या.

घरात हे रोजचंच झालं होतं. टीव्ही मोठा लावतात म्हणून कुरबूर. फोन वाजला तरी उठत नाहीत म्हणून कुरबूर. आणि श्रीरामचं एकच उत्तर, "तुम्ही दोघी तोंडातल्या तोंडात बोलता." कळलं नाही की ते 'हो, हो' म्हणत आणि हसत. हे 'हो, हो' फार वाईट असतं, मित्रांनो.

आश्लेषा तोवर पंधरा वर्षांची झाली होती. ती आता रोज यायची नाही, पण कधीतरी जुन्या सवयीने तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची. एका शनिवारी सकाळी ती अशीच आली. श्रीराम भिंतीकडे तोंड करून मॅगझीन बदलायचा सराव करत होते. ती बराच वेळ बसून राहिली. मग हळूच म्हणाली,

"बाबा, आय थिंक यू कान्ट हिअर मी एनीमोअर."

श्रीरामना पाठीमागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी मान वळवली, तिला पाहिलं आणि मोठ्याने हसून म्हणाले,

"हो, हो! व्हेरी गुड!"

ती उठली आणि वर गेली. तिच्या पावलांचे आवाज मी मोजले, अकरा पायऱ्या. मी सगळं ऐकलं होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सगळं ऐकलं होतं, आणि मला फक्त 'पीप' करता येत होतं, तेही कोणी बटण दाबलं तर. इतका राग मला माझ्या घडणीचा कधी आला नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांनी वसुधांना खिशात दोन बोळे सापडले. त्या खूश झाल्या. "चला, आता जोडी तरी पूर्ण येते," म्हणाल्या. मित्रांनो, तुम्हाला कळलं ना? खिशात दोन्ही होते म्हणजे कानांत एकही नव्हता. उजवा कान गेला होता आणि आता पाळी डाव्याची होती.

२००७ च्या मे महिन्यात त्यांचा आकडा एकोणसाठ पूर्णांक चार टक्क्यांवर आला. अजून एक डाव चांगला पडला की बी वर्ग. त्या रविवारी आश्लेषाही सोबत आली होती. इलिनॉयचा मोकळा माळ, वारा असा की उभं राहणाऱ्याची टोपी टिकेना. पंच खुद्द वॉल्टर होते.

"वॉल्टर, माझा टायमर घे. क्लबच्यापेक्षा याचा आवाज मोठा आहे," श्रीराम म्हणाले. "आणि डावीकडेच उभा राहा, प्लीज." वॉल्टर यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मला हातात घेतलं. मी 'मोठा'वर होतो.

"लोड अँड मेक रेडी." श्रीराम वॉल्टरच्या ओठांकडे बघत होते. "आर यू रेडी?" मान हलली. "स्टँड बाय."

मी ओरडलो. श्रीराम सुटले. काय सुटले! पहिली गोळी एक पूर्णांक बेचाळीसला. इतकं चांगलं त्यांचं कधी झालं नव्हतं. दोन पुठ्ठे, तीन पुठ्ठे, पळत डाव्या खिडकीकडे. आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि पुढची जाळीची भिंत पुठ्ठ्यांसकट त्यांच्या वाटेत कोसळली.

"स्टॉप!" वॉल्टर ओरडले.

श्रीराम थांबले नाहीत. मागे उभे असलेले सगळे ओरडले. आश्लेषा ओरडली, "बाबा, स्टॉप! बाबा!" श्रीराम पळतच होते. गोळी, गोळी. पडलेल्या चौकटीत त्यांचा पाय अडकला, ते एका गुडघ्यावर आले, भरलेलं पिस्तूल हातात. तोंड बांधाकडेच राहिलं, बोट बाहेरच राहिलं. पाच वर्षांच्या तळघरातल्या सवयीने त्या दिवशी त्यांना वाचवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. ते तसेच उठले आणि आणखी तीन गोळ्या झाडल्या. अडुसष्ट वर्षांचे वॉल्टर धावत जाऊन त्यांचा दंड पकडेपर्यंत 'स्टॉप'नंतरच्या पाच गोळ्या मी मोजल्या होत्या. माझ्या पडद्यावर त्या अगदी बरोबर दिसत होत्या.

पिस्तूल रिकामं करून झाल्यावर वॉल्टरनी विचारलं, ऐकू आलं नाही का? श्रीराम म्हणाले, आलं ना, पण मला वाटलं पलीकडच्या मैदानावर कोणी ओरडतंय. मग वॉल्टर श्रीरामच्या पाठीमागे चार पावलांवर जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "श्री."

श्रीराम समोर बघत राहिले.

"श्री," वॉल्टर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. सगळे तिथेच उभे होते. कोणी हसलं नाही. श्रीरामनी लोकांचे चेहरे बघितले, मग आश्लेषाचा चेहरा बघितला आणि त्यांना समजलं की मागे कोणीतरी काहीतरी बोलतंय.

वॉल्टर यांनी नियम वाकवला नाही. स्पर्धेतून बाद. दोस्तीतला माणूस म्हणून सोडून दिलं असतं तर मला वॉल्टर आवडले नसते. त्यांनी कागदावर तसं लिहिलं. बाद झालेला खेळाडू रागाने घरी गेला तर कोणी काही म्हणत नाही. पण मानी खेळाडू थांबतो आणि बाकीच्यांसाठी पुठ्ठ्यांवरची भोकं बुजवतो. श्रीराम थांबले. दुपारी तीनपर्यंत ते चिकटपट्टीचे तुकडे लावत होते, आणि आश्लेषा त्यांच्या शेजारी लावत होती.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडून परत येताना मी गाडीतच होतो, मागच्या सीटवरच्या पिशवीत. गाडी वसुधा चालवत होत्या. उजव्या कानाचे उंच आवाज संपले होते. डाव्याचे निम्म्याहून जास्त गेले होते. म्हणजे पाखरं, फोनची घंटी, बायका-मुलांच्या बोलण्यातली धार, आणि माझ्यासारख्यांची हाक. गेलेलं परत येत नाही, कानात यंत्र लावून बोलणं थोडं कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वसुधांनी गाडी एका दुकानासमोर थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"माझ्या हातात येत होते रे ते बोळे," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी. मी टाकून देत होते."

श्रीराम त्यांच्या ओठांकडे बघत होते, पण ओठ स्टिअरिंगआड होते. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. वसुधा मान वर करून पुन्हा तेच म्हणाल्या, या वेळी मोठ्याने. मग दोघंही रडले. मी कित्येक हजार गोळ्या ऐकल्या आहेत. त्या गाडीतलं ते रडणं मला जास्त जोरात ऐकू आलं.

साठ टक्क्यांचा कागद भट्टीवरून निघाला. पट्टा, होल्स्टर, मॅगझीन एका खोक्यात गेली, पिस्तूल वॉल्टरच्या मदतीने विकलं गेलं. मी मशीनवरच्या फळीवर साबणाच्या पुड्यांत पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली. कोणी माझी विचारपूस केली नाही, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही.

२००८ चा ऑगस्ट उजाडला. आश्लेषा कॉलेजसाठी शँपेन नावाच्या विद्यापीठाच्या गावी निघाली होती. ट्रंका शोधायला बापलेक तळघरात उतरले तेव्हा तिच्या हाताला मी लागलो.

श्रीराम माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली दोन्ही यंत्रं कानांतून काढून मशीनवर ठेवली. "एकदाच," ते म्हणाले. "कळ मोठ्यावर कर. नवा सेल घाल. आणि दाब."

"बाबा, नको ना."

त्यांनी ते ऐकलं नाही. भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सैल, मान ताठ, बोटं किंचित हलती. हातात काही नव्हतं, कमरेला काही नव्हतं. तिने सेल घातला आणि बटण दाबलं. मी नेहमीप्रमाणे दोन सेकंद थांबलो आणि मग छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं एकवटून ओरडलो.

ते उभेच राहिले.

आश्लेषाने पुन्हा दाबलं. मी पुन्हा ओरडलो. वरून वसुधांचा आवाज आला, "काय वाजतंय गं खाली?" श्रीराम वाट बघत होते. खांदे तेवढेच सैल, बोटं तेवढीच तयार. पूर्ण एक मिनिट गेलं असेल. मग त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "दाबलंस का?"

तिच्या मुठीत मी होतो. ती मूठ घामाने ओली झाली होती. ती त्यांच्यासमोर गेली, त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत मराठीत म्हणाली,

"दाबलं, बाबा. पण वाजतच नाहीये. हा बिघडलाय."

श्रीराम तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मला तिच्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "जुना झालाय." त्यांनी माझा सेल काढला आणि मला फळीवर न ठेवता जिन्याखालच्या खणात, मोडक्या वस्तूंत ठेवलं. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना कळलं होतं की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला फक्त आवाज मोजता येतात.

मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे. पिस्तूल तुम्ही कधी हातात धरणार नाही कदाचित, पण फटाके असतील, ढोल असतील, कानात घालायची गाणी असतील. कान सांभाळा. आणि कोणाचं बोलणं कळलं नाही तर पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. हसणारा हसून घरी जातो. श्रीरामना एकदा 'काय म्हणालात?' विचारायची लाज वाटली, आणि आता त्यांना स्वतःच्या मुलीलाही दर वाक्याला तेच विचारावं लागतं.

मी बिघडलेलो नाही. आजही सेल घातला तर शंभराव्या भागापर्यंत बरोबर चालेन. पण या घरात कोणी विचारलं, तर मी बिघडलेला आहे.